मजुरी न धरलेलं घर

१

खण्णकन आवाज झाला आणि चौघंही दचकली.

जळक्या मांडणीवरून एक झाकण घसरलं होतं. फरशीवर गिरक्या घेत घेत ते सर्व्हेअरबाईच्या पायाशी येऊन निजलं. मग पुन्हा सगळं चिडीचूप झालं.

मुलगी झाकण उचलायला वाकली. "राहू दे गं," तिची आई म्हणाली, "काजळीत हात नको घालूस." पण स्वतः आईचेच हात कोपरापर्यंत काळे होते.

सर्व्हेअरबाईनं टेपचं टोक भिंतीला लावलं. विमा कंपनीतर्फे नुकसान बघायला जायचं, मोजायचं, लिहायचं आणि निघायचं, हे तिचं काम. बाळंतपणाची रजा संपवून कामावर आल्याला तिला महिनाही झाला नव्हता. सात महिन्यांचं बाळ सासूबाईंकडे ठेवून ती आली होती आणि खांद्यावर सकाळच्या दुधाचा डाग तसाच होता. परक्याच्या जळक्या स्वयंपाकघरात उभं राहिलं की तिला हल्ली आधी दिसायचं ते दुधाचं पातेलं. इथेही ते होतं. तळाशी कोळसा झालेलं.

घर शिवणवालीचं. नवरा कारखान्यात टर्नर होता, तो दीड वर्षापूर्वी आजारपणात गेला. खाली शिवणकाम, वर दोन खोल्या, आणि सात वर्षांची ही लेक, चिऊ. सहा दिवसांपूर्वी भरदुपारी फ्रीजमागची वायर पेटली. दोघी बाहेर होत्या म्हणून वाचल्या. स्वयंपाकघर, जिना आणि वरचं छप्पर मात्र गेलं.

"नऊ लाखांचं काम आहे," दाराशी उभा असलेला दीर म्हणाला. तो गवंडी होता, त्याला टेप लावायची गरज नव्हती. "अकरा-साडेअकराचा विमा आहे. म्हणजे भागेल ना, मॅडम?"

सर्व्हेअरबाईनं पिशवीतून दोन कागद काढले. गेल्या वर्षीची पॉलिसी आणि यंदाची. तिनं ते दोनदा वाचले.

"गेल्या वर्षापर्यंत मर्यादा बत्तीस लाखांची होती. यंदा नूतनीकरणात ती अकरा लाख त्रेचाळीस हजार झालीय. कुणी कमी केली?"

शिवणवाली खाली बघत राहिली. "मला नाही माहीत."

"पण नऊच लागणार आहेत ना?" दीर अडला.

"तसा हिशोब नसतो हो." हे वाक्य तिला नेहमीच जड जायचं. "हे अख्खं घर आज पुन्हा उभं करायचं तर चौतीस लाख लागतील. तुमचा विमा त्याच्या तिसऱ्या हिश्श्याचा. म्हणजे कंपनी असं धरते, की घराचा एकच हिस्सा तुम्ही आमच्यावर सोपवला, उरलेल्या दोन हिश्श्यांची जोखीम स्वतःच्या डोक्यावर ठेवली. मग कोपरा जळो नाहीतर जिना, दर वेळी तिसराच हिस्सा मिळतो."

"म्हणजे तीन," गवंडी म्हणाला.

"तीन."

शिवणवालीनं भिंतीला हात टेकला. भिंतीवर पाच बोटं पांढरी उमटली.

"तीन लाखांत छप्परसुद्धा होत नाही, वहिनी," गवंडी हळूच म्हणाला. "घर विकावं लागेल."

"बदलाचा अर्ज फाइलला असेल," सर्व्हेअरबाई टेप गुंडाळत म्हणाली. "कुणी केला, का केला, ते त्यावर असतंच. आजच बघते."

तिनं मान वर केली, तर शिवणवाली आणि गवंडी एकमेकांकडे बघत होते. तिच्याकडे लक्ष जाताच दोघांनीही नजर वळवली.

२

कंपनीच्या शाखेत रेकॉर्ड सांभाळणाऱ्या बाई निवृत्तीला आलेल्या होत्या आणि कुणाला भीक घालत नव्हत्या.

"घे तुझी फाइल. बाळ कसंय? रात्री झोपू देतं का?"

"झोपतं हो. मीच जागी असते."

"असंच असतं. पहिल्याला आपण श्वास मोजत बसतो."

फाइल जाडजूड होती. टर्नर मोठा शिस्तीचा माणूस दिसत होता. दर वर्षी नूतनीकरणाच्या महिन्यात त्याचं एक पत्र होतं, अक्षर लेथवर कातल्यासारखं रेखीव: यंदा लोखंड वाढलं, सिमेंट वाढलं, आजच्या भावानं घर पुन्हा बांधायला अमुक लागेल, तरी मर्यादा वाढवून द्यावी. प्रत्येक पत्राखाली एजंटचा शेरा होता: 'चर्चा केली, बरोबर आहे.' सर्व्हेअरबाईला हा मेलेला माणूस आवडून गेला. शंभरातले नव्वद लोक घर कितीला विकलं जाईल तेवढ्याचा विमा उतरवतात. बांधायला किती लागेल हे वेगळं असतं, हे यानं आपलं आपण ओळखलं होतं.

सहावं पान झालं. पुढचं पान आठवं होतं.

"बाई, सातवं कुठाय?"

रेकॉर्डवाल्या बाईंनी चष्मा लावला, फाइलची दोरी सोडली, बांधली. "सकाळी फाइल काढली तेव्हा मी पानं नाही मोजली. बदलाचा अर्ज तोच ना? आता कागदाला पाय फुटले म्हणायचे."

"आग लागल्यापासून फाइल कुणी कुणी बघितली?"

"तिघांनी. परवा ती बाई आली, पोरगी बरोबर होती. काल तिचा दीर, फाइल दाखवा म्हणून अडूनच बसला. आणि एजंट. तो काय, घरचाच, रोज येतो. तिघांनाही इथंच टेबलावर दिली. मी काय पहारा करत बसू? पाठीमागे कपाटं बघ किती आहेत."

"अर्जावर आकडा काय होता, आठवतो?"

"तो मी कशाला बघू? कॉम्प्युटरवर आकडे भरणाऱ्या मुलानं बघितला असेल, तो गेला बदलून. आणि मशीन काय, सुटे पैसे घेतच नाही. काहीही टाक, वरच्या हजारावर नेऊन बसवतं."

सर्व्हेअरबाईनं वहीत तीन नावांऐवजी तीन माणसं लिहिली. वहिनी. दीर. एजंट. एकानं मर्यादा उतरवली होती. आणि कुणीतरी तो पुरावा, गर्दीच्या वेळी, रेकॉर्डवाल्या बाईंची पाठ वळायची वाट बघून, दोरीतून ओढून काढला होता.

३

एजंटचं ऑफिस म्हणजे झेरॉक्सच्या दुकानातलं अर्धं काउंटर. माणूस गोरागोमटा आणि गोड बोलणारा. मधूनमधून रुमालानं मान पुसायची सवय.

"बसा मॅडम, बसा. स्टूल हलतंय, जरा डावीकडे रेला. वाईट झालं हो. मी बावीस वर्षं या धंद्यात आहे, पण त्या टर्नरसारखं गिऱ्हाईक बघितलं नाही. मला शिकवायचा! म्हणायचा, 'जमिनीची किंमत विम्यात धरू नका, जमीन जळत नाही.'"

"मग त्याच्या माघारी मर्यादा एवढी कशी उतरली?"

"मला विचारता? मी तो अर्ज डोळ्यानं बघितला नाही." त्यानं मान पुसली. "दिरानं परस्पर खिडकीत नेऊन दिला. पॉलिसी छापून आली तेव्हा मी कपाळावर हात मारला. आता मी कुणाच्या घरातलं काढू नये, पण विधवा बाई, रस्त्यालगतचं घर, धाकटा दीर भाड्याच्या खोलीत. तुम्ही समजून घ्या."

"काय समजू? पुढच्या वर्षभरात घर जळेल याची त्याला काय खात्री होती?"

एजंटनं रुमालाची घडी घातली. "तसं नव्हे. बाईला हप्ता झेपत नव्हता. हप्ता कमी व्हावा म्हणून केलं असेल. पण कमी म्हणजे किती? अकरा लाख बेचाळीस हजार सहाशे चाळीस! एवढ्यात आजकाल गॅरेज होत नाही."

मशीनमधून कागद सरसर पडत होते. सर्व्हेअरबाईनं ते वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवून घेतलं. कसं कोण जाणे, त्यात काहीतरी खुपलं, पण काय ते तिला तिथल्या तिथे कळलं नाही.

बाहेर पडून ती पायऱ्या उतरतेय तोच फोन वाजला. घरून असेल म्हणून तिनं घाईनं घेतला.

"मॅडम, मी बोलतोय, चिऊचा काका." मागं सिमेंट कालवायच्या मिक्सरची घरघर चालू होती. "अर्ज मी केला. वहिनीची सही मीच मारली. पोलिसांत जायच्या आधी तुम्हाला सांगावं म्हटलं."

४

गवंडी एका अर्धवट इमारतीच्या तळमजल्यावर गिलावा करत होता. तिला बघून त्यानं थापी ठेवली आणि पिंपात हात धुतले. बराच वेळ धुतले.

"का केलंत?"

"हप्ता वाचावा म्हणून. वहिनी भरून भरून मेटाकुटीला आली होती. तिला विचारलं असतं तर नको म्हणाली असती. भाऊ गेल्यावर तिनं त्याची एक गोष्ट बदलली नाही."

"आणि अर्ज फाइलमधून काढलात तोही तुम्हीच?"

"हो. घाबरलो. जाळला."

"बरं. अर्जावर किती लिहिलंत?"

"अकरा लाख त्रेचाळीस हजार."

"कुठून आणलात हा आकडा?"

"घर बांधताना जे लागले ते. सगळे धरून." तो पुढे सरकला. आता त्याचा आवाज बदलला, घाईचा झाला. "मॅडम, एक विचारू? सही खोटी म्हटल्यावर तो अर्जच खोटा ना? मग जुना आकडा उभा राहतो. बत्तीस लाख. वहिनीला जवळजवळ पुरते पैसे मिळतात. माझं काय व्हायचं ते होऊ दे. मला ना बायको ना पोर."

सर्व्हेअरबाई विटांच्या थप्पीवर बसली. किती सोपं होतं! त्याचा जबाब लिहायचा, खाली सही घ्यायची. एका आईला छप्पर मिळतं. तिनं ते सगळं मनात एकदा घडू दिलं, आणि मग त्या माणसाच्या सिमेंटनं फाटलेल्या हातांकडे बघितलं. तुरुंगात हे हात काय करतील?

"तुम्ही रोज अंदाज देता लोकांना. घराच्या खर्चात मजुरी किती धरता?"

"तिसरा हिस्सा. कधी त्याहून जास्त."

"घर बांधलं त्या वेळचे, अकरा वर्षांपूर्वीचे भाव मी काढले. तेव्हासुद्धा हे घर सतरा लाखांच्या आत होत नव्हतं. तुमच्या आकड्यात साडेपाच लाख कमी आहेत. बरोबर मजुरीएवढे. गवंड्यानं घराचा आकडा लिहिला आणि मजुरीच विसरला, असं होईल?"

त्यानं थापी उचलली, पुन्हा ठेवली.

"मजुरी का नाही त्यात?"

"घेतली नव्हती," तो कसाबसा म्हणाला. "चौदा महिने, दर सुटीला. भाऊ हाताखाली माल द्यायचा, मी रचायचो. जिन्याचा कठडा तर त्यानं कारखान्यात कातून आणला, एकेक गज. भावाच्या घराला मजुरी कोण घेतं?"

"तुम्ही खोटं बोलताय. आणि कुणाला झाकताय तेही मला कळलंय," ती उठत म्हणाली.

५

शेजाऱ्यांनी मायलेकींना पुढची खोली दिली होती. तिथं खिडकीशी वाचलेलं शिलाई मशीन होतं. शिवणवाली शाळेच्या गणवेशांचे गळे बसवत होती, चिऊ दारात खडूनं रेघा ओढत होती. मशीन थांबेना, म्हणून सर्व्हेअरबाईनं चाकावर हात ठेवला.

"भावोजींनी सगळं स्वतःवर घेतलंय. जबाब द्यायला निघालेत."

शिवणवालीनं डोळे मिटले. "त्यांना मी म्हटलं होतं, असं करू नका."

"म्हणजे अर्ज तुमचा."

"माझा. सही माझी, आकडा माझा." ती लेकीला ऐकू जाऊ नये इतक्या खाली बोलत होती. "घर बांधताना ह्यांनी एक वही केली होती. विटा, वाळू, खिळ्याचा पुडासुद्धा. शेवटच्या पानावर बेरीज, खाली दोन रेघा. ते गेल्यावर ती वही मी उशाशी ठेवत असे. म्हटलं, ह्यांच्या हातची बेरीज, चुकायची नाही. तीच उतरवली."

"वही कुठाय?"

"वरच होती. गेली. पण बेरीज पाठ आहे मला." तिनं ती एखादं स्तोत्र म्हणावं तशी म्हटली. "अकरा लाख बेचाळीस हजार सहाशे चाळीस."

सर्व्हेअरबाईनं घाईघाईनं वही उघडली. दुपारपासून जे खुपत होतं ते असं समोर येऊन उभं राहिलं.

"हा आकडा असाच्या असा तुम्ही कुणाला सांगितलात? भावोजींना?"

"नाही. त्यांना वहीतली बेरीज लिहिली एवढंच सांगितलं. तेही आगीनंतर. लाज वाटत होती हो."

"आणि अर्जाचं पान तुम्ही काढलंत?"

"छे! मला वाटलं, त्यांनी काढलं."

"त्यांना वाटलं, तुम्ही." सर्व्हेअरबाई खाली वाकली. "नीट आठवा. अर्ज लिहिला तेव्हा समोर कोण होतं?"

६

संध्याकाळच्या आत तिनं तिघांनाही त्या जळक्या स्वयंपाकघरात बोलावलं. एजंट रुमाल नाकाला लावूनच आत आला.

"पॉलिसीवर अकरा लाख त्रेचाळीस हजार छापलंय," सर्व्हेअरबाई म्हणाली. "कंपनीचं मशीन सुटे पैसे वरच्या हजारावर नेतं. ज्यानं नुसती पॉलिसी बघितली तो त्रेचाळीस हजार म्हणेल. हे भावोजी तेच म्हणाले, म्हणून मला कळलं की अर्ज ह्यांनी बघितलेलाच नाही. बेचाळीस हजार सहाशे चाळीस हा आकडा जगात दोनच ठिकाणी होता. एक वही, ती ह्यांच्या उशाशी जळाली. दुसरा तो अर्ज." ती वळली. "एजंटसाहेब, अर्ज तुम्ही डोळ्यानं बघितला नाही, घरावर डोळा असलेल्या दिरानंच तो परस्पर दिला म्हणता. मग ते सहाशे चाळीस तुमच्या तोंडात कुठून आले?"

एजंटनं रुमाल खाली घेतला. तो रागावेल, ओरडेल असं तिला वाटलं होतं. तो नुसता म्हातारा दिसायला लागला.

"त्या महिन्यात माझ्या सात पॉलिसी बंद पडल्या होत्या," तो म्हणाला. "आठवी पडली असती तर एजन्सी गेली असती. ह्या म्हणाल्या, एवढा हप्ता नाही जमत, विमा नकोच. मी म्हटलं, घर बांधायला आले तेवढे लिहा, हप्ता तिसऱ्यावर येईल."

"टर्नरनं दर वर्षी तुम्हाला समजावलं होतं. आजचा भाव धरायचा असतो. तुमचे शेरे आहेत."

"म्हणून तर काढलं पान. त्या पत्रांच्या शेजारी दिसलं असतं." त्यानं पिशवीतून प्लास्टिकच्या पाकिटातला कागद काढला. "फाडवला नाही मला."

'आज हे घर पुन्हा बांधण्यास लागणारा खर्च' हे शब्द छापील होते. समोर शिवणवालीचं जपून काढलेलं अक्षर. खाली एजंटचा शेरा: 'चर्चा केली, बरोबर आहे.'

गवंडी एका ढांगेत पुढे आला आणि त्यानं एजंटची कॉलर धरली. "माझ्याबद्दल काय सांगितलंस रे? घरावर डोळा?"

"भावोजी, सोडा," शिवणवाली म्हणाली. "पोरगी बघतेय."

त्यानं सोडलं. एजंट दारातून गेला, तो कुणाकडे न बघता गेला.

"मग सुटलो ना, मॅडम?" गवंडी धापा टाकत म्हणाला. "लबाडी पकडली तुम्ही. आता बत्तीस धरणार?"

सर्व्हेअरबाईला याच क्षणाची भीती होती. कोडं सुटलं की काम संपतं असं पुस्तकात असतं.

"मी सगळं लिहीन. एजंट कंपनीचा माणूस, त्यानं चुकीचा सल्ला दिला, पुरावा लपवला, जुनी मर्यादा धरावी, अशी शिफारस करीन. पण अर्जावर सही ह्यांची आहे. कंपनी ऐकेल की सहीवर बोट ठेवेल, मला नाही सांगता येत. वर्षसुद्धा जाईल. तोवर हातात तीनच."

"ठीक आहे, मग दुसरं करा." तो बोटं मोजू लागला. "तुम्ही चौतीस लिहिलेत त्यात मजुरी आहे ना? ती काढून टाका. तेव्हा मी मजुरी घेतली नाही म्हणून भावाच्या वहीत ती आलीच नाही; आताही फुकट बांधतो. बावीस-तेवीस लिहा. मग आमचा विमा निम्म्यावर येतो, पैसे निम्मे मिळतात. येतात की नाही?"

त्याचा हिशोब बिनचूक होता, आणि तरी मजुरी वगळली की नऊचेही सहा होऊन हातात तीनच येत होते, हेच वाईट होतं.

"मजुरी बाजारभावानं लिहावी लागते," ती म्हणाली. "तुम्ही घ्या किंवा नका घेऊ."

"पण मी नाही घेणार!"

"हो. तरी."

शिवणवाली खाली बसली, तशीच काजळीत. पहिल्यांदाच ती रडली, आवाज न करता, पदर तोंडात धरून. गवंडी तिच्यासमोर उभा राहिला, आणि त्या एवढ्या मोठ्या माणसाला हात कुठे ठेवावेत ते कळेना. सर्व्हेअरबाई तिच्या शेजारी टेकली. बाळाला पाजायची वेळ टळून गेली होती, छाती ठणकत होती, पण तिला उठवेना.

चिऊ इतका वेळ जिन्याच्या खालच्या पायरीशी उभी होती. तिनं आईकडे बघितलं, काकाकडे बघितलं, आणि मग सगळ्यात जास्त ज्या बाईला कळतं असं तिला वाटत होतं, त्या बाईजवळ येऊन तिनं विचारलं,

"काकानं तेव्हा पैसे घेतले असते, तर आमचं घर आता पूर्ण झालं असतं?"